बिनझिलईच्या रंगाची निगा

जयपूरजवळील आमेरच्या राजवाड्यात आराइश नावाचा गुळगुळीत गिलावा पाहावयास मिळतो. चुना व संगमरवराची पूड यांचा हा लेप अकीकाने घोटला, की तो चमकू लागतो. द्रव्य तेच राहते. केवळ पृष्ठभाग सपाट होतो.

मोटारगाडीच्या मॅट रंगात याच्या उलट योजना असते. त्याच्या वरच्या पारदर्शक लेपात बहुधा सिलिकेचे अतिसूक्ष्म कण मिसळून पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवतात. त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने न परतता चहूकडे विखुरतो; म्हणून गाडी चकाकत नाही. ती घासली, तर सूक्ष्म उंचवटे झिजून तेथे चकाकणारा डाग उमटतो.

राजस्थानच्या धुळीत हा धोका अधिक. वाळूतील क्वार्ट्‌झचे काठिण्य मोसच्या मापाने 7 असते. रंगलेप त्याहून पुष्कळ मऊ असतो. म्हणजे कोरड्या फडक्याने धूळ पुसणे हेही एक प्रकारचे घोटणेच होय.

यासाठी गाडी सावलीत उभी करून प्रथम भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी. मग सौम्य साबणाच्या पाण्याने व मऊ कापडाने ती हलक्या हाताने धुवावी. कबुतरांची विष्ठा खरवडू नये. भिजवून लगेच काढावी. मेण व पॉलिश टाळावे, कारण मेणाने खळगे भरतात. झिलईदार रंगावरील बारीक ओरखडा घोटून घालवता येतो. येथे मात्र तो उपायच नवा डाग निर्माण करतो आणि अखेर तो भाग पुन्हा रंगवावा लागतो.