इंजिनावरची पट्टी वाचून मगच सौदा करा

कापडाच्या ताग्यावर पन्हा, सुताचा काउंट आणि गिरणीचा शिक्का असतो. जाणकार गिऱ्हाईक तो पाहिल्याशिवाय भाव करीत नाही. परंतु गवत कापण्याचे यंत्र किंवा दुकानासाठी छोटा जनरेटर घेताना आपण फक्त किंमत विचारतो. इंजिनावर चिकटवलेली पट्टी कोणी वाचत नाही.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या छोट्या इंजिनांवर धुराची माहिती देणारी पट्टी कायद्याने सक्तीची आहे. कॅलिफोर्निया राज्याने अशा इंजिनांच्या धुरावर १९९५ पासून बंधन घातले. संपूर्ण देशासाठीचे पहिले नियम १९९७ च्या मॉडेलपासून लागू झाले. परदेशी बनावटीचे यंत्र घेणाऱ्याने या पट्टीवरील आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा.

पहिला आकडा : एअर इंडेक्स

कॅलिफोर्नियाने ठरविलेला हा अंक ० ते १० असतो. अंक जितका लहान तितका धूर कमी. येथे मोठा अंक म्हणजे चांगला माल नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा आकडा : तास

८० ते २२५ सीसीच्या, जमिनीवर ठेवून चालवायच्या इंजिनांसाठी १२५, २५० किंवा ५०० तास अशा तीन पायऱ्या आहेत. काही पट्ट्यांवर त्याच क्रमाने सी, बी, ए ही अक्षरे असतात. हे इंजिनाचे आयुष्य नव्हे, की कंपनीची गॅरंटीही नव्हे. योग्य देखभाल ठेवल्यास इतके तास धूर मर्यादेत राहील, एवढाच त्याचा अर्थ.

आता हिशेब करा. घरापुढचे गवत कापणारे यंत्र वर्षाला वीस-पंचवीस तास चालते. त्याला २५० तास म्हणजे दहा-बारा वर्षे झाली. तेच इंजिन दुकानाच्या जनरेटरला असेल आणि रोज दोन तास चालले, तर २५० तास १२५ दिवसांत संपतात. म्हणून रोजच्या वापरासाठी ५०० तासांचा माल पाहावा, जरी दोन पैसे जास्त पडले तरी.

पट्टी काय सांगत नाही

या गटातील इंजिनाने एक युनिट विजेइतके काम केले, तर हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड मिळून १० ग्रॅमची मर्यादा अमेरिकेच्या नियमात आहे. मात्र कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तब्बल ६१० ग्रॅम आहे! या वायूला ना रंग, ना वास. बंद गोदामात तो माणसाचा जीव घेतो. तेव्हा एअर इंडेक्स कितीही चांगला असो, जनरेटर उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून किमान वीस फूट दूर ठेवावा. शटर अर्धे उघडे ठेवून भागत नाही.

आपल्याकडे काय?

भारतात ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या जनरेटरसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कडक नियम १ जुलै २०२३ पासून लागू झाले आहेत. अमेरिकेची पट्टी म्हणजे आपल्या मंडळाची मान्यता नव्हे. विक्रेत्याकडे येथील मंजुरीचा दाखला मागावा आणि मॉडेल व इंजिनाचा नंबर बिलावर लिहून घ्यावा. ज्याचा माल खरा आहे, तो दाखला दाखवायला कचरणार नाही.