घर कोणाच्या कष्टाचे?

अमेरिकेतील काळा माणूस उधळ्या, त्याला घरदार करता येत नाही, ही समजूत इंग्रजी चित्रपटांतून आम्हां विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १९३४ साली तेथील सरकारने गृहकर्जांना हमी देण्यास आरंभ केला आणि काळ्यांच्या वस्त्या धोक्याच्या मानून बहुतांशी वगळल्या. गोऱ्या कुटुंबाला थोड्या रकमेवर, दीर्घ मुदतीने घर मिळाले. त्याची किंमत वाढली. आज नातू म्हणतो, ‘हे आजोबांच्या कष्टांचे फळ!’ कष्ट होते, हे खरेच; (आपला खोत तेवढेही सांगू शकला नसता!) परंतु तितक्याच कष्टांना शेजारच्या वस्तीत फळ का धरले नाही, हे तो विचारीत नाही. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातील वर्णभेद बेकायदा ठरविला. तोवर चौतीस वर्षे गेली होती, आणि कितीतरी घरे पुढल्या पिढीच्या नावे चढली होती.