सिलिकोन जळतं, पण राख कामाला येते

“सिलिकोनचं आहे ताई, जळायचं नाही,” असं छातीठोक सांगून भांड्यांच्या दुकानात उलथनं विकलं जातं. सिलिकोन जळतं. पेट घ्यायला वेळ लावतं, पेटल्यावरही संथ जळतं, पण जळतं. उलथन्यावर छापलेले २३० अंश तव्याच्या हिशेबानं असतात. बर्नरच्या ज्योतीचं तापमान हजार अंशांच्या कितीतरी पुढे असतं, त्यामुळे ज्योतीला टेकलेली कड खराब होणारच.

तरीही आगीपासून जपायच्या जागी अभियंते याच पदार्थाकडे वळतात. प्लॅस्टिक आणि नेहमीच्या बहुतेक रबरांच्या रेणूंचा कणा कार्बनचा असतो, म्हणजे मुळात ते इंधनच. सिलिकोनच्या कण्यात सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन आलटून पालटून येतात. वाळूत आणि काचेत असतो तोच हा बंध, कार्बन-कार्बन बंधापेक्षा बराच मजबूत. जळण्याजोगं असतं ते कण्याला दोन्ही बाजूंनी लटकलेल्या मिथाइल गटांत. तापमान फार चढलं की साखळी स्वतःभोवती वळते, तिचे तुकडे छोटी कडी बनून वाफेच्या रूपात सुटतात आणि पेटते ती ही वाफ.

चिमट्यात धरलेली सिलिकोनची पट्टी ज्योतीत नेली, तर पॉलिथिनसारखे पेटते थेंब खाली गळत नाहीत. आग खाली पसरवण्यात या थेंबांचा मोठा हात असतो. पट्टीतून पांढुरका धूर निघतो आणि तिच्यावर करडी-पांढरी साय धरते. बोटानं दाबली तर तिची भुकटी होते. ही भुकटी म्हणजे सिलिका. आतल्या सिलिकोनला लागणारी आच ती अडवते. म्हणून भोवतालची धग वाढली तरी सिलिकोनच्या जळण्याचा वेग इतर प्लॅस्टिकइतका झपाट्यानं वाढत नाही. सिलिकोन पक्कं करताना बऱ्याचदा प्लॅटिनम उत्प्रेरक म्हणून वापरतात. दहा लाखांत काही भाग एवढ्या अल्प प्रमाणातही ते ज्वाला रोखायला मदत करतं. सोन्याच्या पंक्तीतला धातू तारेच्या वेष्टनात लपलेला असतो, याची मला गंमत वाटते.

खरी परीक्षा केबलमध्ये होते. पीव्हीसीचं वेष्टन जळलं की काळा धूर आणि हायड्रोजन क्लोराइडचा आम्लधर्मी वायू निघतो. उरलेल्या कोळशातून वीज झिरपते आणि शॉर्टसर्किट होतं. सिलिकोनची राख मात्र वीजरोधकच असते. वेष्टन जळून गेलं तरी तार राखेच्या नळीत सुरक्षित राहते. रुग्णालयातले आपत्कालीन दिवे, बोगद्यातले पंखे, धोक्याची घंटा, हे सगळं आग लागल्यानंतरही चालू राहायला हवं. अडचण एवढीच की ही राख ठिसूळ, धक्का बसला की झडते. म्हणून तारेवर काचतंतूंची वीण चढवतात, किंवा सिलिकोनमध्येच खनिजं आणि कमी तापमानाला वितळणारी काच मिसळतात. आगीत त्याचं चिनी मातीसारखं कठीण कवच बनतं. ‘बीएस ६३८७’ या ब्रिटिश मानकाच्या सर्वांत कडक कसोटीत केबलला ९५० अंशांच्या ज्योतीत तीन तास वीज वाहती ठेवावी लागते. पाण्याचा मारा आणि हादरे यांच्या चाचण्या वेगळ्याच.

विजेवरच्या गाड्यांतही आता हाच विचार शिरला आहे. २०२२च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्याच वर्षी बॅटरी सुरक्षेचं ‘एआयएस १५६’ हे मानक कडक करण्यात आलं. एक सेल भडकला तरी शेजारच्याला झळ पोचायला उशीर व्हावा, यासाठी सेलांच्या मधे जे पदार्थ घालतात त्यांत सिलिकोनचा फोमही असतो.

सिलिकोनच्या धुराला निरुपद्रवी मात्र समजू नये. हवेत साधारण १५० अंशांच्या वर फार वेळ तापत राहिलं तर त्यातून थोडं फॉर्माल्डिहाइड सुटू शकतं. केकचं भांडं करपलंच, तर आधी खिडकी उघडावी.

केबलला वाचवणारी ही सिलिकाची राख दुसरीकडे डोकेदुखी ठरते. शाम्पू-कंडिशनरमधली सिलिकोनची कडी सांडपाण्यात जातात आणि मैलापाण्यापासून केलेल्या बायोगॅसमध्ये उतरतात. तो वायू इंजिनात जळला की पिस्टनवर आणि झडपांवर सिलिकाचा कडक थर चढतो. म्हणून अशा प्रकल्पांत इंजिनाच्या आधी सक्रिय कोळशाच्या गाळण्या बसवाव्या लागतात.