वऱ्हाडांतील जुन्या कागदांत येणारीं द्राक्षनामें

वऱ्हाडांत हस्तलिखितांचा व जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांस द्राक्षा, मनुका, बेदाणा, अंगूर, साहेबी, हबशी यांपैकीं एखादा शब्द केव्हां ना केव्हां भेटण्याचा संभव असतो. तो वैद्यकीच्या बाडांत असेल, घरखर्चाच्या वहींत असेल किंवा एखाद्या फारसी कागदांत असेल. शब्द दृष्टीस पडतांच आपल्या गांवीं पूर्वीं द्राक्षांचे मळे होते, किंबहुना द्राक्षमद्यहि होत असे, असें अनुमान काढण्याचा मोह होतो. हें अनुमान बहुधा चुकतें, व एकदां छापलें गेलें म्हणजे पुढील लेखक तें प्रमाण मानून चालतात. यास्तव यांतील कोणतें नांव वेलाचें, कोणतें सुक्या मालाचें, कोणतें मद्याचें, आणि कोणत्या नांवावरून कागदाच्या काळाविषयीं कांहीं म्हणतां येतें, याचा थोडक्यांत विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम भूमीचा विचार करूं. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही तीरांस जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथील भूगर्भांतील पाणी क्षारयुक्त आहे. काळी कसदार जमीन कापसास उत्तम; परंतु पावसाळ्यांत ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. द्राक्षवेलीच्या मुळ्यांस निचरा हवा असतो व खारट पाणी तिला सोसत नाहीं. शिवाय अकोल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें २८० मीटर, तर नाशिकची सुमारें ६०० मीटर आहे. अकोल्याचा उन्हाळा कित्येकदां ४५ अंशांपलीकडे जातो. एखाद्या बागेंत, विहिरीच्या गोड्या पाण्यावर, मांडवाला चढविलेला वेल असणें अशक्य नाहीं; परंतु वऱ्हाडाचें मुख्य पीक म्हणून द्राक्षाची कल्पना करणें या भूमीच्या स्वभावाविरुद्ध आहे. तेव्हां वऱ्हाडी कागदांतील द्राक्ष हें बाहेरून आलेलें सुकें फळ आहे, असें धरून चालावें. उलट पक्ष मांडणाऱ्यानें पुरावा द्यावा.

आतां नांवांकडे वळूं. संस्कृतांत मृद्वीका, द्राक्षा व गोस्तनी हीं तिन्ही नांवें अमरकोशांत एकत्र येतात. गोस्तनी हें नांव फळाच्या लांबट आकारावरून पडलें. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत गोस्तनीहून लहान अशा बिनबियांच्या द्राक्षाचा व डोंगरी आंबट द्राक्षाचा निराळा निर्देश आहे. म्हणजे आकार, बीं व रुचि या तीन लक्षणांवरून जाति ओळखण्याची रीत आपल्या वैद्यांस परिचित होती. मनुका हा शब्द अरबी 'मुनक्का' यावरून आला असून तो मोठ्या सुक्या द्राक्षास लागतो. बेदाणा म्हणजे फारसींत 'बिनदाण्याचा', व किसमिस हें लहान बिनबियांचें सुकें द्राक्ष. हे तिन्ही शब्द व्यापारी मालाचे आहेत, वेलाचे नव्हेत. हिशेबाच्या वहींत मनुका शेरावारी मांडलेल्या आढळल्या तर त्यांवरून बाजारपेठेचा इतिहास लिहितां येईल, बागाइतीचा येणार नाहीं.

मद्याच्या बाबतींत तर अधिकच जपावें लागतें. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत मृद्वीकेच्या रसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें आहे व त्याचे कापिशायन आणि हारहूरक हे देशावरून पडलेले भेद सांगितले आहेत. यांपैकीं कापिशी ही काबूलच्या उत्तरेकडील नगरी होय. म्हणजे उत्तम द्राक्षमद्य वायव्येकडून येतें ही समजूत तेव्हांहि होती. पुढें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील पेरिप्लस नामक ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं इटलीचें, लाओदिकियाचें व अरबस्तानचें मद्य उतरत असल्याचें नमूद आहे. तेर व नेवासें येथें सांपडलेलीं रोमन मद्यकुंभांचीं खापरें त्यास जुळतात. सारांश, ज्या काळीं दक्षिणेंत द्राक्षमद्य प्यालें जात होतें, त्या काळीं तें परदेशांतून येत होतें.

वऱ्हाडांत द्राक्षापासून घरोघर खरोखर होणारी वस्तु म्हणजे वैद्याचें द्राक्षासव. वैद्यकीच्या बाडांत तें येतें तेव्हां त्याचें साहित्य नीट पाहावें. मनुका, गूळ किंवा साखर, मध, मसाल्याचीं द्रव्यें व धायटीचीं फुलें असा पाठ असतो. मनुका व्यापाऱ्याकडील, परंतु धायटी सातपुड्यांतील, मेळघाटाच्या डोंगरांत उगवणारी. तिच्या फुलांत मध असतो व त्यांवर किण्व वसतें, म्हणूनच रस आंबतो. अशा आसवांत मद्यांश साधारणतः शेंकडा ५ ते १० असतो, तर द्राक्षमद्यांत तो १२ ते १४ पर्यंत जातो. तात्पर्य, द्राक्षासवाचा पाठ हा औषधाचा पुरावा आहे. त्यावरून मळा सिद्ध होत नाहीं आणि मद्यपानहि सिद्ध होत नाहीं.

साहेबी व हबशी या नांवांची गोष्ट निराळी आहे. हीं ताज्या फळाचीं, म्हणून वेलाचीं नांवें आहेत. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत साहेबी, हबशी व किसमिसी हीं द्राक्षें हिंदुस्थानच्या शहरांत आतां मिळूं लागल्याचें लिहिलें आहे. वऱ्हाड १५९६ मध्यें अहमदनगरकरांनीं अकबरास दिलें; तेव्हांपासून मोंगली दरबाराचे शब्द येथील कागदांत शिरण्यास वाट मोकळी झाली. दख्खनेंत हींच नांवें भोकरी व फकडी या देशी नांवांसह नाशिककडील बागांत टिकून राहिलीं. भोकरी ही जाड सालीची, भरपूर पीक देणारी पण रुचीनें मध्यम. पांढरी साहेबी मोठ्या लांबट फळाची, रुचकर पण कमी फळणारी. हबशी नांवाप्रमाणें काळी.

दौलताबादेस मात्र द्राक्षें फार पूर्वींपासून होतीं. इ. स. १३४२ च्या सुमारास तेथें आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानें तेथील द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां फळतात असें लिहिलें आहे. ही अतिशयोक्ति नव्हे. थंड देशांत वेल हिवाळ्यांत झोपी जातो. दख्खनेंत तो झोपत नाहीं, म्हणून छाटणीनें त्यास वळवावें लागतें. एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत गोडी छाटणी अशी दोन छाटण्यांची रीत महाराष्ट्रांत आजहि आहे. पहिल्या छाटणीनंतर पावसाळ्यांत येणारें फळ आंबट राहतें. म्हणून काडी तयार करून घेऊन दुसऱ्या छाटणीचेंच गोड फळ धरतात. एखाद्या कागदांत 'दोन बहार' असा उल्लेख आला, तर तो मात्र प्रत्यक्ष मळ्याचा बळकट पुरावा समजावा.

येथें कलम या शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. लेखणीसहि कलम म्हणतात व झाडाच्या छाटासहि कलमच म्हणतात. दोहोंचें काम एकच, तें म्हणजे नक्कल करण्याचें. बीं पेरल्यानें नवी जात होते. कलमानें मात्र मूळ वेलाचीच प्रत उतरते. क्वचित् एखाद्या फांदींत आपोआप फरक पडतो. तो लेखकाच्या हातून झालेल्या पाठभेदासारखा होय. अमेरिकेंत थॉमसन नांवाच्या बागाइतदारामुळें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत 'थॉमसन सीडलेस' हें नांव मिळालेला वेल म्हणजे किसमिसाचीच जुनी प्रत. तो महाराष्ट्रांत १९६० नंतर पसरला. त्याचा पाठभेद तासगावास 'तास-ए-गणेश' झाला व नान्नज येथें नानासाहेब काळे यांच्या बागेंत 'सोनाका' झाला. अर्थात् हीं नांवें ज्या कागदांत असतील तो कागद जुना असूं शकत नाहीं.

मद्याच्या जाति याहून वेगळ्या. त्यांचे मणी लहान, साल जाड व बीं अधिक. रंग आणि तुरटपणा सालींत असतो, म्हणून तांबडें मद्य सालीसकट आंबवितात. पांढऱ्यासाठीं रस आधींच पिळून घेतात. नारायणगावास १९८० नंतरच्या दशकांत व नाशिकास २००० पासून हा धंदा वाढला. शेनिन ब्लांक उष्ण हवेंतहि आंबटपणा राखते. सोव्हिन्यों ब्लांकला हिरव्या पाल्याचा वास असतो. काबर्ने सोव्हिन्यों तुरट. शिराज गडद रंगाची व मिऱ्यासारख्या वासाची. यांतील शिराज या नांवावरून इराणांतील शिराज शहर तिचें माहेर असावें असें पुष्कळ दिवस मानीत. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनए तपासणीनें ती आग्नेय फ्रान्समधील दोन जातींची कन्या ठरली. काबर्ने सोव्हिन्योंचे आईबापहि १९९७ मध्यें याच रीतीनें उघड झाले. नांव कितीहि बोलकें असलें तरी तें वंशाचा दाखला नव्हे, हा धडा कागद वाचणाऱ्यांनींहि घ्यावा.

म्हणून द्राक्षवाचक शब्द भेटल्यास चार प्रश्न क्रमानें विचारावे. शब्द ताज्या फळाचा कीं सुक्या मालाचा? माप वजनाचें कीं वेलांच्या संख्येचें? सोबत छाटणी, मांडव, पाट किंवा बहार यांचा उल्लेख आहे काय? आणि शब्दाचें वय कागदाच्या वयाशीं जुळतें काय? कारंज्याचे जैन ग्रंथभांडार व राय बहादुर हिरालाल यांची १९२६ मधील यादी यांवरून या प्रांताची ग्रंथसंपत्ति किती मोठी आहे हें सर्वांस ठाऊक आहे. त्या संपत्तींतील वैद्यकी बाडें व घरगुती वह्या पाहतांना संग्राहकांनीं असा शब्द आढळल्यास त्याची ओळ, तिच्या मागच्या-पुढच्या ओळींसह, जशीच्या तशी उतरून घ्यावी. एकटा शब्द दिशाभूल करतो. शेजारच्या ओळी मिळाल्या म्हणजे वऱ्हाडांत द्राक्षें पिकत होतीं कीं केवळ विकत घेतलीं जात होतीं, याचा निर्णय पुराव्यानें करतां येईल.