प्रिन्सेस एलिझाबेथ चॅलेंज कप

प्रिन्सेस एलिझाबेथ चॅलेंज कप हा इंग्लंडमधील हेन्ली रॉयल रेगाटा या नौकानयन स्पर्धेत शालेय मुलांच्या संघांसाठी ठेवलेला चषक आहे. आठ वल्हेकरी व एक सुकाणूधारक अशा नऊ जणांच्या संघांमध्ये ही शर्यत होते. चषकाची स्थापना १९४६ मध्ये झाली आणि पुढे राणी दुसरी एलिझाबेथ झालेल्या तत्कालीन राजकन्येचे नाव त्यास देण्यात आले. आरंभी केवळ ब्रिटिश शाळांपुरती मर्यादित असलेली ही स्पर्धा १९६४ पासून परदेशी शाळांसाठी खुली आहे. शालेय नौकानयनातील सर्वांत प्रतिष्ठेच्या स्पर्धांमध्ये तिची गणना होते.

या चषकासाठी निवडक खेळाडूंचा संमिश्र संघ उतरवता येत नाही; संपूर्ण संघ एकाच शाळेचा असावा लागतो. त्यामुळे ही स्पर्धा वैयक्तिक गुणवत्तेइतकीच शाळेची साधने, प्रशिक्षण व परंपरा यांचीही कसोटी ठरते. कोणत्या शाळांना व कोणत्या विद्यार्थ्यांना ही संधी मिळावी, हा प्रश्न स्पर्धेच्या इतिहासाशी सुरुवातीपासून निगडित आहे.

पार्श्वभूमी

टेम्स नदीवरील हेन्ली येथील रेगाटा १८३९ मध्ये सुरू झाला. १८५१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी आश्रयदातेपद स्वीकारल्यावर त्याच्या नावात ‘रॉयल’ हा शब्द आला. त्या काळी शालेय संघांसाठी आठ वल्ह्यांची स्वतंत्र शर्यत नव्हती. १८४५ मध्ये सुरू झालेल्या लेडीज चॅलेंज प्लेट या स्पर्धेत ईटन, रॅडली यांसारख्या शाळांचे संघ ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील महाविद्यालयांच्या संघांशी सामना करीत. ईटनने ही स्पर्धा अनेकदा जिंकली. परंतु बहुतेक शाळांना वयाने व बळाने मोठ्या विद्यार्थ्यांपुढे टिकाव धरणे कठीण जाई.

अमेरिकी शाळांचे संघ दोन महायुद्धांच्या दरम्यान थेम्स चॅलेंज कप या प्रौढ संघांच्या स्पर्धेत उतरत असत. कनेटिकट राज्यातील केंट स्कूलने १९३३ मध्ये, तर मॅसॅच्युसेट्समधील टेबर अकॅडमीने १९३६ मध्ये ती स्पर्धा जिंकली. सुसज्ज शालेय संघ प्रौढांनाही हरवू शकतो, हे या विजयांनी दाखवून दिले.

स्थापना व विस्तार

दुसऱ्या महायुद्धामुळे खंडित झालेला रेगाटा १९४६ मध्ये पूर्ववत भरला आणि त्याच वर्षी शालेय संघांसाठी हा चषक ठेवण्यात आला. पहिल्या वर्षी बेडफर्ड स्कूलने तो पटकावला. कालांतराने ईटनचा मुख्य संघही लेडीज प्लेटऐवजी या स्पर्धेत उतरू लागला.

१९६४ मध्ये परदेशी शाळांना प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी चषक अटलांटिकपार गेला. व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन येथील वॉशिंग्टन-ली हायस्कूलचा संघ विजयी ठरला. चार्ली बट हे त्याचे प्रशिक्षक होते. ही शाळा शुल्क आकारणारी निवासी शाळा नव्हती. ती सार्वजनिक निधीवर चालणारी स्थानिक शाळा होती. १९६९ मध्ये तिने पुन्हा चषक जिंकला. २०१९ पासून ही शाळा वॉशिंग्टन-लिबर्टी हायस्कूल या नावाने ओळखली जाते.

शर्यतीचे स्वरूप

हेन्लीचा शर्यतमार्ग १ मैल ५५० यार्ड, म्हणजे सुमारे २,११२ मीटर लांबीचा असून टेम्पल बेटापासून हेन्ली गावाच्या दिशेने प्रवाहाविरुद्ध जातो. ऑलिंपिकमध्ये २,००० मीटरच्या मार्गावर सहा नावा एकाच वेळी धावतात. हेन्लीत मात्र एका वेळी दोनच नावा उतरतात व पराभूत संघ तत्काळ बाद होतो. मार्गाच्या दोन बाजू नदीकाठच्या परगण्यांवरून बर्कशायर व बकिंगहॅमशायर या नावांनी ओळखल्या जातात. प्रवेशअर्ज अधिक आल्यास रेगाटापूर्वी वेळेवर आधारित पात्रता फेरी घेतली जाते. मुख्य फेरीत ३२ संघ असल्यास विजेत्याला ओळीने पाच शर्यती जिंकाव्या लागतात.

आठ वल्ह्यांची नाव १७ मीटरांहून अधिक लांब व अतिशय अरुंद असते. प्रत्येक वल्हेकऱ्याकडे एकच वल्हे असते. चौघांची वल्ही नावेच्या एका बाजूस व चौघांची दुसऱ्या बाजूस येतात. वल्हेकरी अंतिम रेषेकडे पाठ करून बसतात, त्यामुळे पुढचा मार्ग केवळ सुकाणूधारकास दिसतो. नाव वळवणे, प्रतिस्पर्ध्याचे अंतर सांगणे व वेग केव्हा वाढवायचा हे ठरवणे ही त्याची कामे होत. नावेच्या मागील टोकाजवळ बसणारा ‘स्ट्रोक’ लय ठरवतो आणि उरलेले सात जण ती पाळतात. वल्हे पाण्यात घालण्याच्या क्षणी किंचित जरी तफावत पडली, तरी नाव कलते व वेग घटतो. म्हणूनच एकत्र सराव केलेला संघ अनेकदा अधिक ताकदवान पण विस्कळीत संघाला मागे टाकतो.

शालेय वर्ष व ‘ट्रिपल’

ब्रिटिश शाळांसाठी हेन्ली हा वर्षभराच्या हंगामाचा शेवट असतो. शरद व हिवाळ्यात लांब पल्ल्याचा सराव चालतो. मार्चमध्ये लंडन येथे टेम्सवर स्कूल्स हेड ऑफ द रिव्हर ही शर्यत होते. तीत नावा एकामागून एक सोडल्या जातात व लागलेल्या वेळेवरून क्रम ठरतो. मेच्या अखेरीस नॅशनल स्कूल्स रेगाटा भरतो. त्यातील सर्वोच्च शर्यतीत क्वीन मदर चॅलेंज कपसाठी चुरस असते. त्यानंतर हेन्लीचा रेगाटा येतो. या तिन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकण्यास ‘ट्रिपल’ म्हटले जाते. २०१८ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स स्कूलने हा मान मिळवला.

असे यश टिकवणे अवघड असते. वरच्या वर्गातील मुले दरवर्षी शाळा सोडतात व संघ जवळजवळ नव्याने बांधावा लागतो. त्यातच मे व जूनमध्ये शालान्त ‘ए लेव्हल’ परीक्षा येतात. त्यामुळे सातत्याने जिंकणाऱ्या शाळांचे बळ एखाद्या गुणी तुकडीपेक्षा खालच्या वयोगटांतील संघांत आणि वर्षानुवर्षे टिकणाऱ्या प्रशिक्षकांत असते. ॲबिंग्डन स्कूलने २०११ ते २०१३ या काळात सलग तीनदा हा चषक जिंकला.

संधीची विषमता

नावा, वल्ही, नौकागृह, प्रशिक्षक आणि जवळचे योग्य पाणी यांचा खर्च मोठा असल्याने ब्रिटनमध्ये या स्पर्धेवर शुल्क आकारणाऱ्या खाजगी शाळांचे वर्चस्व राहिले आहे. नॅशनल स्कूल्स रेगाटा जेथे होतो तो डॉर्नी लेक हा कृत्रिम तलाव ईटन कॉलेजच्याच मालकीचा आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील नौकानयन शर्यतीही तेथेच झाल्या.

तथापि शाळेची साधने व खेळाडूची गुणवत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९८४ ते २००० या काळात सलग पाच ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळवणारे स्टीव्ह रेडग्रेव्ह हे टेम्सकाठच्या मार्लो गावातील सरकारी शाळेत नौकानयन शिकले, तर त्यांचे सहकारी मॅथ्यू पिन्सेंट ईटनचे विद्यार्थी होते. या जोडीने १९९२ व १९९६ मध्ये एकाच नावेतून सुवर्णपदक जिंकले.

मुलींसाठीच्या शर्यती

हेन्लीत मुलींना प्रवेश मुलांच्या तुलनेत फार उशिरा मिळाला. २०१२ मध्ये कनिष्ठ गटातील मुलींच्या चार जणींच्या, प्रत्येकी दोन वल्ही असलेल्या नावांसाठी डायमंड ज्युबिली चॅलेंज कप सुरू झाला. आठ वल्ह्यांच्या नावांची शर्यत मात्र २०२१ मध्ये, म्हणजे प्रिन्सेस एलिझाबेथ चॅलेंज कपनंतर ७५ वर्षांनी आली. तिच्या चषकास प्रिन्स फिलिप यांचे नाव आहे. या शर्यतीत शाळांप्रमाणेच क्लबांचे संघही भाग घेऊ शकतात. त्यामुळे जिच्या शाळेत नौकानयनाची सोय नाही, अशा मुलीलाही क्लबमार्फत हेन्लीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग उपलब्ध आहे.