पूल नवा बांधताना प्रवाह जपायला हवा
बुलढाणा जिल्ह्यातील नद्या, नाले आणि पाणथळ जागांचे काय?

महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि राज्यातील जुन्या पुलांचा प्रश्न ऐरणीवर आला. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळला, तेव्हा तीच चर्चा नव्याने झाली. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर पुलांची तपासणी, धोकादायक पुलांची यादी, निविदा आणि नवा पूल असा क्रम ठरून गेला आहे. सावित्रीवरील नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. या वेगाचे कौतुक झाले, ते योग्यच होते. मात्र जुना पूल पाडून नवा बांधताना त्याखालच्या प्रवाहाचे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

बुलढाण्यासारख्या कमी पाण्याच्या जिल्ह्यात तो विचारणे अधिकच गरजेचे आहे. हा विषय केवळ मासे आणि पक्ष्यांचा नाही. पुलाचा पाया ज्या तळावर उभा असतो, तो तळ बिघडला तर नवा पूलही धोक्यात येतो. प्रवाह जपणे हा पुलाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

दोन खोरी, दोन प्रकारची जमीन

बुलढाणा जिल्हा दोन खोऱ्यांत विभागलेला आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेला पडणारे पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांसारख्या नद्यांमधून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते. दक्षिणेकडचे पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा या नद्यांमार्गे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. एकाच जिल्ह्यातील पाणी अशा रीतीने अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर अशा दोन दिशांना वाहते.

दोन्ही बाजूंची जमीनही सारखी नाही. दक्षिणेच्या पठारावर काळा पाषाण फारसा खोल नसतो. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात मात्र गाळाचे आणि चिकण काळ्या मातीचे जाड थर आहेत. येथील काही भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरींचे पाणी खारट असलेल्या या भागात नदी-नाल्यांत साठणाऱ्या गोड्या पाण्याचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

या भागातील बहुतेक नाले पावसाळ्यानंतर काही महिन्यांतच कोरडे पडतात. बांधकामाच्या दृष्टीने ही सोय ठरते. नोव्हेंबर ते मे या काळात कोरड्या पात्रात काम करता येते. पण याच सोयीमुळे पात्र म्हणजे मोकळे मैदान असा समज होतो. गिट्टीचे ढीग, यंत्रे, डिझेलची पिंपे, मजुरांच्या झोपड्या असे सारे काही तेथेच मांडले जाते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला की त्यातले बरेचसे प्रवाहाबरोबर खाली जाते. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने जो हाहाकार उडाला, त्यावरून येथील नाले किती कमी वेळात रौद्र रूप धारण करतात, हे दिसून आले आहे.

नुकसान नेमके कोठे होते?

पूल बदलण्याच्या कामात प्रवाहाला चार टप्प्यांवर धोका असतो. पहिला टप्पा वळणरस्त्याचा. जुना पूल बंद करण्यापूर्वी शेजारून पात्रात मुरमाचा भराव टाकून, खाली सिमेंटचे नळे ठेवून तात्पुरता रस्ता केला जातो. नळे अपुरे असतील तर वरच्या बाजूला पाणी तुंबते, काठ फुटतो आणि शेतजमीन वाहून जाते. काम संपल्यावर हा भराव पूर्ण उचलला गेला नाही, तर पात्र कायमचे अरुंद होते. नव्या पुलाखालून जेवढे पाणी जाणे अपेक्षित असते, तेवढे मग जात नाही.

दुसरा टप्पा पायाच्या खोदकामाचा. पूर्णेच्या काठी कठीण खडक खोल असल्याने पाइल किंवा विहिरीच्या पद्धतीचा पाया घ्यावा लागतो. पाइलचा खड्डा ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट या मातीचा गढूळ द्राव भरतात. तो टाकीत परत न घेता पात्रात सोडला, तर तळावर चिकट थर बसतो आणि त्याखालचे किडे, शिंपले व माशांची अंडी गुदमरतात. काळ्या मातीचे कणही अतिशय बारीक असल्याने पाण्यात दीर्घकाळ तरंगत राहतात.

तिसरा टप्पा पाडकामाचा. जुन्या पुलाचे दगड, काँक्रीट आणि सळ्या पात्रातच पाडून तेथेच पसरवून टाकणे कंत्राटदाराला स्वस्त पडते. हा राडारोडा प्रवाहाची दिशा बदलतो. पाणी एका बाजूला वळले की तेथील काठ आणि नव्या पुलाचा टोकाचा खांब खरवडला जातो.

चौथा टप्पा काँक्रीटचा. ताज्या सिमेंटचे पाणी तीव्र अल्कधर्मी असते. काँक्रीट मिक्सर धुतलेले पाणी एखाद्या लहान डोहात गेले, तर त्यातील मासे तग धरू शकत नाहीत. उन्हाळ्यात नाला आटतो, तेव्हा मासे, बेडूक, कासवे यांचा अखेरचा आसरा हे डोहच असतात. पुढच्या पावसात संपूर्ण नाल्यात जीवसृष्टी पुन्हा पसरते ती तेथूनच. नेमक्या त्याच महिन्यांत बांधकामाला पाणी हवे असते आणि सर्वांत जवळचे पाणी म्हणून डोहच उपसला जातो.

मोरी की पूल?

काही नुकसान काम सुरू होण्याआधी, आराखड्याच्या कागदावरच ठरून जाते. लहान नाल्यावर नळ्यांची मोरी स्वस्त पडते. पण नळ्यांचे तोंड तळापेक्षा उंच राहिले, तर खालच्या बाजूला पाणी धबधब्यासारखे पडू लागते. तेथे खड्डा पडतो, तो दरवर्षी खोल होतो आणि पहिल्या पुरात वर चढणाऱ्या माशांची वाट बंद होते. चढणीचे मासे ही ग्रामीण भागाच्या परिचयाची गोष्ट. अंडी घालण्यासाठी ते प्रवाहाविरुद्ध जातात. एक हात उंचीची पायरीही लहान माशांना अडवण्यास पुरेशी असते. मोरीचा तळ पात्राच्या तळाखाली ठेवला किंवा मोकळ्या तळाचा छोटा पूल बांधला, तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

पाणीटंचाईच्या भागात पुलालाच बंधाऱ्याची जोड देण्याची कल्पना लोकप्रिय आहे. पूल आणि बंधारा एकत्र बांधल्यास खर्च वाचतो आणि पाणीही अडते. मात्र त्याला लोखंडी दारे असतील, तर ती पावसाळ्यापूर्वी काढणे आणि पावसाळा ओसरताना वेळेवर बसवणे अनिवार्य आहे. दारे न काढल्यास पूर बाजूने वाट काढतो आणि पुलाचे जोडरस्तेच वाहून जातात. ही जबाबदारी कोणत्या खात्याची, हे बांधकामाआधीच लेखी ठरायला हवे.

‘बुलढाणा पॅटर्न’ आणि त्याची मर्यादा

रस्ते आणि पाणी यांची सांगड घालण्याच्या बाबतीत बुलढाणा जिल्ह्याचे नाव देशभर घेतले जाते. राष्ट्रीय महामार्गांच्या भरावासाठी लागणारी माती आणि मुरूम शेतजमिनीतून न घेता तलाव, नाले यांच्या खोलीकरणातून घ्यायचा, म्हणजे रस्त्याला माती मिळते आणि जलसाठाही वाढतो, असा हा ‘बुलढाणा पॅटर्न’. निती आयोगानेही त्याची दखल घेतली. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेच्या सहभागाने जिल्ह्यात गाळ काढण्याची मोठी मोहीमही राबवण्यात आली.

साचलेल्या तलावातील गाळ काढणे लाभाचे आहे, यात शंका नाही. वाहत्या नाल्याचे गणित मात्र वेगळे असते. पुलाच्या जवळ तळ खोल केला, तर तो खड्डा पुराच्या पाण्याने वरच्या बाजूला सरकत जातो आणि पायाखालची माती ओढून नेतो. पुलाचा पाया खरवडीच्या अंदाजित पातळीच्याही खाली नेला जातो, पण तो अंदाज पात्र मूळ स्थितीत राहील असे धरूनच केलेला असतो. म्हणूनच केंद्राच्या २०१६ च्या वाळू उत्खननविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये पुलाच्या वरच्या बाजूला किमान २५० मीटर आणि खालच्या बाजूला किमान ५०० मीटर अंतर सोडण्यास सांगितले आहे. खोलीकरणालाही हीच शिस्त लावणे शहाणपणाचे ठरेल. शिवाय काठ उभा तासून पात्राचा सरळ कालवा केला, तर उथळ पाणी, लव्हाळी आणि पाणकणसाची बेटे नाहीशी होतात. गाळ अडवण्याचे आणि पाणी जिरवण्याचे काम तीच करत असतात.

कायद्याचे कवच किती?

पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. परंतु नदीचे पात्र आणि सिंचन वा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव यांना या नियमांतून वगळले आहे. त्यामुळे जिल्ह्यातील बहुतेक नाले आणि धरणांचे काठ या कवचाबाहेर राहतात. लोणार सरोवर मात्र २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले आहे. सरोवरातून बाहेर वाहणारा प्रवाह नसल्याने आत गेलेला गाळ आणि घाण आतच राहते. विवराच्या उतारावरील आणि परिसरातील कोणतेही काम यासाठीच अधिक काळजीने व्हायला हवे.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात प्रवाहात अडथळा आणणाऱ्या वस्तू टाकण्यास मनाई आहे, पण त्याच कलमात अधिकृत पुलाच्या बांधकामाला सूट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा याबाबत अधिक कडक आहे. अभयारण्यातील पाण्याचा प्रवाह परवानगीविना वळवणे, अडवणे वा वाढवणे त्याने निषिद्ध ठरवले आहे. बुलढाणा-खामगाव रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. तेथील प्रत्येक मोरीच्या कामाला ही अट लागू होते. अशा ठिकाणी मोरी प्रशस्त आणि कोरड्या काठासह बांधली, तर वन्यप्राण्यांनाही रस्त्याखालून सुरक्षित वाट मिळू शकते.

उत्तर निविदेत आहे

नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रस्ते व पूल कामांच्या तांत्रिक विनिर्देशांत पर्यावरण रक्षणाविषयी आणि धूप व गाळ नियंत्रणाविषयी स्वतंत्र कलमे पूर्वीपासून आहेत. अडचण अंमलबजावणीची आहे. ज्या कामाला निविदेत स्वतंत्र बाब आणि दर नसतो, ते काम प्रत्यक्षात होत नाही, हा सार्वजनिक बांधकामाचा सर्वपरिचित अनुभव आहे.

म्हणून पुलाच्या अंदाजपत्रकातच काही गोष्टींची नोंद हवी. गाळ अडवण्यासाठी पडदे आणि निवळण टाक्या, मिक्सर धुण्यासाठी पात्राबाहेर अस्तर घातलेला खड्डा, राडारोडा उचलून नेण्याचा खर्च, वळणरस्ता काढून पात्र पूर्ववत करण्याची रक्कम आणि काठावर स्थानिक झाडे व गवताची लागवड या त्यातील प्रमुख बाबी. कामापूर्वी आणि कामानंतर पात्राची मोजणी व छायाचित्रे घ्यावीत आणि ती जुळल्याशिवाय अंतिम देयक देऊ नये. पात्रातील सारे साहित्य मे अखेरीस बाहेर काढण्याची अट असावी. ज्या डोहात उन्हाळ्यात पाणी टिकते, तो आराखड्यात दाखवून तेथून उपसा करण्यास मनाई करावी. ग्रामपंचायतीलाही या अटींची प्रत मिळाली, तर देखरेख आपोआप होते. वळणरस्त्याचा भराव उचलला की नाही, हे गावकऱ्यांना कोणाही अभियंत्याआधी कळते.

पुलाच्या एकूण खर्चात या साऱ्याचा वाटा मोठा नसतो. याउलट तुंबलेले पात्र मोकळे करणे, फुटलेला काठ बांधणे आणि उघडा पडलेला पाया सावरणे हे खर्च पुढे वर्षानुवर्षे शासनाच्या आणि शेतकऱ्याच्या माथी येतात. नव्या पुलाचे आयुष्य अनेक दशकांचे धरले जाते. तेवढा काळ त्याला ज्या नदीच्या आधाराने उभे राहायचे आहे, तिचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडला गेला पाहिजे.