नाट्यगृहाच्या तारखा

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. रंगमंच आणि छप्पर गेलं, भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती, आणि त्या दिवशी नाट्यगृहासमोर जमलेल्या कलावंतांना व रसिकांना रडू आवरत नव्हतं. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कोल्हापूरकरांच्या बोलण्यात तेव्हापासून एक सूर सतत ऐकू येतो: इथे पाहिलेली संगीत नाटकं, इथल्या गाण्याच्या मैफिली, ऑर्केस्ट्रा, वन्स मोअर, आणि ‘आता ते दिवस गेले’ हे वाक्य. ही हळहळ गेलेल्या तारुण्यासाठी आहे, गाणं निमित्तमात्र, असं म्हणून ती बाजूला सारणं सोपं आहे. मला ते मान्य नाही. या हळहळीत एक नेमकी माहिती दडलेली आहे: गावात गाणं कसं रुजतं याची. ठरलेली जागा, परवडणारी तारीख आणि पुन्हापुन्हा येणारा तोच श्रोता या तीन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हाच या शहरात गाणारे घडले. म्हणून इमारत उभी करताना या तीन गोष्टींचाही विचार व्हायला हवा.

नाट्यगृहाचा जन्मच पाहा. राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले, तिथली नाट्यगृहं आणि रोममधलं प्राचीन प्रेक्षागार त्यांनी पाहिलं. कोल्हापुरात मग कुस्तीसाठी खासबागचं मैदान झालं आणि त्याला लागूनच 1913 ते 1915 या काळात पॅलेस थिएटर उभं राहिलं. कुस्ती आणि गाणं यांच्या जागा पाठीला पाठ लावून बांधणाऱ्या राजाला एक गोष्ट पक्की ठाऊक असणार. पैलवान मैदानात दिसतो, पण घडतो तो तालमीत, रोजच्या मेहनतीवर, आणि त्याची कुस्ती जाणणारे डोळे भोवती असतील तरच. गाणाऱ्याचंही तसंच आहे. 1957 मध्ये या वास्तूला ज्यांचं नाव दिलं गेलं, ते संगीतसूर्य केशवराव याच गावचे. 1890 मध्ये जन्मलेल्या या मुलाने कोवळ्या वयात ‘शारदा’ नाटकातली भूमिका गाजवली, 1908 मध्ये, अठरावं वर्षही पुरं व्हायच्या आत, ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ नाटकाचा प्रयोग झाला, त्यात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर ते होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात, एकतिसाव्या वर्षी ते गेले.

पण एकट्या नाट्यगृहाकडे पाहून चित्र पुरं होत नाही. 1883 मध्ये सुरू झालेला गायन समाज देवल क्लब या गावात त्याच्या कितीतरी आधीपासून गाणं ऐकत आणि शिकवत होता. गोविंदराव टेंबे हे माझ्या म्हणण्याचं सर्वांत बळकट उदाहरण. जवळच्या सांगवड्यात 1881 मध्ये जन्मलेले टेंबे हार्मोनियम बऱ्याच अंशी स्वतःच शिकले. गाण्याची पहिली ओळख झाल्याचं श्रेय ते देवल क्लबला देत. अल्लादिया खाँ तेव्हा दरबारचे गायक म्हणून कोल्हापुरात होते. टेंब्यांनी त्यांच्याकडून रीतसर तालीम घेतली नाही, तरी जयपूर घराण्याची चाल त्यांच्या बोटांत उतरली ती ऐकून ऐकून. पुढे किर्लोस्कर मंडळींनी 1911 मध्ये रंगभूमीवर आणलेल्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या. आणि 1932 मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाला संगीत त्यांचंच, हरिश्चंद्रही तेच. मैफल, नाटक, बोलपट: एका माणसाचा हा प्रवास घडला कारण एका छोट्या शहरात ऐकण्याच्या जागा चालत पोहोचण्याइतक्या जवळ होत्या आणि त्यांचे दरवाजे नियमाने उघडत होते.

आक्षेप येईल की हे राजाश्रयाचं फळ. राजा गेला, विषय संपला. दरबाराचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही, शाहू महाराज 1922 मध्ये गेल्यावर खाँसाहेबांनी कोल्हापूर सोडलं हे त्याचंच द्योतक. पण 1949 मध्ये संस्थान विलीन झालं आणि नाट्यगृह पुढची पंचाहत्तर वर्षं चाललं. राज्य नाट्य स्पर्धेचे हौशी संघ तिथे उतरत राहिले, महाविद्यालयांची नाटकं झाली. त्या काळात आधार राजाचा नव्हता, वापराचा होता. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. त्या जुन्या मैफिलींचं जग सगळ्यांचं नव्हतं. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत, आणि गाणाऱ्या बाईकडे पाहण्याची समाजाची नजर निर्मळ नव्हती. हे खरंच आहे, आणि त्या काळाची आठवण काढणाऱ्यांनी हे झाकू नये. मात्र यातून निघतं ते हेच की ती दारं आणखी रुंद करायला हवीत. जागाच नको, असं त्यातून निघत नाही.

राहिला फोनचा मुद्दा. आज हवं ते गाणं हवं तेव्हा मिळतं, हे मोठंच सुख. पण ध्वनिमुद्रण श्रोत्याला गाणं देतं, गायकाला श्रोता देत नाही. बेसूर झाल्यावर मागच्या रांगेतून उठणारी चुळबूळ, समेवर आपसूक हललेल्या माना, हे शिक्षण नवख्या गायकाला फक्त भरलेल्या सभागृहात मिळतं. कोल्हापूरचा श्रोता तर आवडलं-नावडलं तोंडावर सांगणारा.

नव्या नाट्यगृहाच्या चर्चेत जुनं रूप जसंच्या तसं ठेवण्यावर भर आहे, आणि तो योग्यच आहे. त्याच आग्रहाने आणखी काही मागितलं पाहिजे: आठवड्यातली एखादी संध्याकाळ स्थानिक गायकांसाठी आणि हौशी संघांसाठी राखीव, तालमीला परवडेल असं भाडं, विद्यार्थ्यांना नाममात्र दरात मागच्या रांगा. सनई-चौघड्यांचं उद्घाटन झाल्यावर वर्षभराचा तारखांचा तक्ता लग्नाच्या स्वागत समारंभांनी आणि राजकीय मेळाव्यांनी भरला, तर भिंती शाहूकालीन दिसतील, पण तिथे पुढचा टेंबे पेटी ऐकायला कुठून येणार?